विश्लेषण : निजामाचा छायाचित्रकार, छावणीचे साहेब आणि दुष्काळातले निनावी चेहरे

छावणीतला एखादा जुना बंगला किंवा शहरातला एखादा जुना वाडा मोडायला निघाला, की भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. देवांच्या तसबिरी नव्या घरी जातात. भांडी-कुंडी, दारे-खिडक्या यांनाही गिऱ्हाईक मिळते. उरतो तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला एक फोटो. शेरवानी घातलेले एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसलेले, एक हात तलवारीच्या मुठीवर, शेजारी नक्षीचे टेबल आणि मागे रंगवलेल्या पडद्यावरचा विलायती बगीचा. ‘हे कोण?’ असे विचारले, तर घरातल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. फोटो माळ्यावर जातो, नाही तर भंगारात.

असे फोटो त्या काळी का काढले गेले, ते कोण काढत असे आणि त्यात जे दिसते त्यातले खरे किती, हे समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरसारखे दुसरे ठिकाण नाही. हे शहर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचे नाव होते राजा दीनदयाळ. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय छायाचित्रकारांमध्ये हे सर्वांत मोठे नाव. त्यांच्या स्टुडिओने हिऱ्या-मोत्यांनी मढलेले उमराव टिपले आणि त्याच स्टुडिओने औरंगाबादचे भुकेने हाडे वर आलेले लोकही टिपले. हे दोन प्रकारचे फोटो सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत छापले जातात. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर फोटो काढून घेणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो.

कोण होते दीनदयाळ?

जन्म १८४४ साली, मेरठजवळच्या सरधना गावी, एका जैन कुटुंबात. शिक्षण रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८६६मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. कॅमेरा हातात आला तो १८७४च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत आणि हौस म्हणून. त्यांच्या फोटोंतली रेखीव मांडणी, सरळ उभे खांब, मोजून ठेवल्यासारखी माणसे पाहिली, की हा हात आधी नकाशांवर बसलेला होता हे लक्षात येते.

इंदूर हे होळकरांचे गाव. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या होतकरू माणसाला उत्तेजन दिले. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही हात दिला. पुढे १८८२मध्ये डेली यांच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतातले किल्ले, मंदिरे, महाल टिपत फिरले. राजांच्या दरबारात प्रवेश मिळाला तो या ओळखींतून. १८८५मध्ये ते व्हाइसरॉयचे अधिकृत छायाचित्रकार झाले. त्यानंतर सरकारी नोकरी सोडून त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८९४मध्ये त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजाम स्वतः ‘आसफ’ या नावाने शायरी करीत आणि दीनदयाळांच्या कौतुकाचा एक शेरही त्यांनी रचला होता.

१८९६मध्ये मुंबईतही मोठा स्टुडिओ निघाला. ग्यानचंद आणि धरमचंद हे दोन मुलगे धंद्यात आले आणि ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ हे नाव पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले. विलायतेच्या राणीच्या नावाचे अधिकारपत्रही या स्टुडिओला मिळाले होते. १९०५मध्ये दीनदयाळ वारले. भारतीय टपाल खात्याने २००६मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

राजेरजवाड्यांना फोटोची गरज काय पडली?

आधीही राजांची चित्रे निघतच होती. मोगली आणि दख्खनी लघुचित्रांत राजाचा चेहरा बहुधा एका बाजूने, एक डोळा दिसेल असा काढलेला असे. खुद्द औरंगाबादेत सतराव्या शतकाच्या मध्यावर लघुचित्रे रंगवली जात. या चित्रांत राजा कसा दिसतो यापेक्षा राजा कसा असावा हे महत्त्वाचे. शिवाय चित्र एकच. ते पोथीत किंवा बस्त्यात राहायचे आणि मोजक्या मंडळींना दाखवले जायचे.

फोटोने दोन गोष्टी बदलल्या. चेहरा समोर वळला आणि एकाच्या शंभर प्रती निघू लागल्या. १८५४मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटकार्डाच्या आकाराच्या फोटोचे पेटंट घेतले. १८६०मध्ये मेयॉल नावाच्या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाचे असे छोटे फोटो बाजारात आणले आणि त्यांच्या लाखोंनी प्रती खपल्या. राणीचा फोटो दुकानात विकत मिळतो, ही गोष्ट तोवर कोणी ऐकली नव्हती. सामान्य माणसाला राणीचा चेहरा घरी नेता आला आणि राणीला सामान्यांच्या घरात बसता आले. दोघांचाही त्यात फायदा.

ही हवा हिंदुस्थानात यायला वेळ लागला नाही. मुंबईत १८५४मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे ही कला साहेबाने आणली खरी, पण ती साहेबाच्याच हातात राहिली असे समजण्याचे कारण नाही.

संस्थानिकांची गरज मात्र वेगळी होती. १८५७नंतर त्यांची लढण्याची सत्ता संपली. उरला तो मान. कोणाला किती तोफांची सलामी, दरबारात कोण कुठल्या खुर्चीवर, व्हाइसरॉय दारापर्यंत घ्यायला येणार की जागेवरच उठून उभा राहणार, यावर पत्रापत्री चाले. निजामाला २१ तोफांचा मान होता. हा मान डोळ्यांना दिसेल असा कागदावर उतरवायचा, तर फोटोइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. व्हाइसरॉयच्या भेटीचा गटफोटो निघाला की मधल्या खुर्च्यांवर कोण, टोकाला कोण, मागे उभे कोण आणि पायाशी गालिच्यावर कोण, हे कायमचे ठरून जाई. जुना गटफोटो हाती आला तर चेहरे पाहण्याआधी खुर्च्या पाहाव्यात. भांडणे तिथे असतात.

आणि त्या फोटोत काय दिसत नाही?

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९०२चे आहे आणि त्याचा छावणीशी थेट संबंध आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आले. वरंगळच्या बाजूला नेकोंड्याजवळ शिकार झाली. मारलेल्या वाघापाशी लॉर्ड आणि लेडी कर्झन, हा दीनदयाळ यांच्या स्टुडिओचा फोटो आजही जगभरच्या पुस्तकांत छापला जातो. पाहुणचार उत्तम झाल्याचे फोटो सांगतो. त्याच भेटीत कर्झन यांनी निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने मिळवले, वर्षाला २५ लाख रुपयांवर. त्याचा मात्र असा फोटो नाही.

वऱ्हाड इंग्रजांकडे गेले होते ते १८५३मध्ये. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी म्हणून. फौज निजामाच्या नावाची, पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. तिचे तळ औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी होते. औरंगाबादचा तळ म्हणजेच आपली छावणी. जून १८५७मध्ये इथल्या घोडदळात उठाव झाला आणि जनरल वुडबर्नच्या पलटणीने तो चिरडला. पुढे १९०३मध्ये ही फौज हिंदी लष्करात विलीन झाली. आज छावणीच्या आठवडी बाजारातून फिरताना हा व्यवहार कोणाच्या ध्यानीमनी नसतो, पण या वस्तीचे नाव त्याच व्यवहारातून पडलेले आहे.

छावणीतले गोरे अधिकारी हेही स्टुडिओचे नेहमीचे गिऱ्हाईक. दीनदयाळांच्या धंद्यात लष्करी कवायती, पलटणींचे गट, अधिकाऱ्यांचे कुटुंबासह फोटो यांचा मोठा वाटा होता. साहेबाला विलायतेतल्या आईला दाखवायला फोटो हवा असे. बंगल्याचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, कुत्रा, मागे पांढऱ्या कपड्यांत नोकर. नोकरांची नावे खाली लिहिलेली क्वचितच सापडतात. कुत्र्याचे नाव बऱ्याचदा असते.

एक फोटो काढायला किती खटाटोप होता?

दीनदयाळ शिकले तेव्हा ओल्या काचेची पद्धत चालू होती. १८५१मध्ये इंग्लंडच्या आर्चरने ती शोधली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की फोटो गेला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती किती वेळात वाळत असेल, याचा अंदाज इथल्या वाचकाला सांगायला नको. १८८०च्या आसपास तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि अंधाऱ्या तंबूचे लोढणे सुटले. तरी काच ती काचच. दहा बाय बारा इंचांच्या काचांच्या पेट्या, लाकडी कॅमेरा, तिकाटणे असा संसार घेऊन दीनदयाळ वेरूळलाही गेले. त्यांनी घेतलेले कैलास लेण्याचे फोटो आजही अभ्यासक पाहतात. औरंगाबादला रेल्वे आली ती १९००च्या सुमारास. त्याआधी मनमाड किंवा नांदगावला उतरून पुढचा रस्ता टांग्याने किंवा बैलगाडीने कापावा लागे. खडबडीत वाटेवर काचेची एक पेटी फुटली, तर सगळी खेप फुकट.

स्टुडिओत वेगळीच व्यवस्था. छताला किंवा एका बाजूला काचा, शक्यतो उत्तरेकडे. कारण आपल्याकडे सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उत्तरेचा उजेड मऊ, सावल्या न पाडणारा मिळतो. दांड्यांवर सरकणारे पडदे ओढून तो उजेड कमी-जास्त करायचा. बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावलेला असे, डोके हलू नये म्हणून. जुन्या उभ्या फोटोंत कधी कधी माणसाच्या पायांमागे एखादे जादा पाऊल दिसते. ते त्या आधाराच्या बैठकीचे. लोक हसत का नाहीत, याचे अर्धे उत्तर यात आहे. काही सेकंद हसू धरून ठेवणे कठीण. उरलेले अर्धे उत्तर असे की, दरबारात बसल्यासारखे बसायचे तर हसायचे कशाला?

रंगांचा प्रकार तर गमतीचा आहे. त्या काळच्या काचेवरचा थर निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देई आणि तांबड्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळा अंगरखा फोटोत पांढुरका दिसे आणि लालभडक पगडी काळी. आकाश तर नेहमीच कोरे पांढरे. औरंगाबादची हिमरू हैदराबादच्या उमरावांच्या शेरवान्यांसाठी प्रसिद्ध होती. अशा शेरवानीची वेलबुट्टी फोटोत अगदी बारकाव्याने उतरते, पण विणकराने कोणता रंग कुठे घातला ते कळत नाही. काही वेळा फोटोवर पुन्हा हाताने रंग भरले जात. लघुचित्रांची कामे आटलेले चितारी या कामाला लागले आणि पगडीचा लाल, दागिन्यांचा सोनेरी, गालिच्याचा हिरवा रंग अंदाजाने किंवा गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून भरू लागले.

सुरकुत्याही अंदाजानेच जात. धुतलेल्या काचेवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या, की छापील फोटोत तेवढा भाग उजळतो. डोळ्याखालचे काळे, गालावरचे देवीचे व्रण सगळे मिटवता येई. आज मोबाइलमधले फिल्टर जे करतात, ते काम तेव्हा पगारी माणसे भिंगातून पाहत करीत. छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे. जर्मनीत ड्रेस्डेनला अशा कागदाचे कारखाने होते आणि त्यांत रोज हजारो अंडी फुटत. त्या कागदावर काच ठेवून उन्हात धरली, की फोटो छापला जाई. जुन्या फोटोंचा तो तपकिरी, मधाळ रंग या कागदाचा आणि त्यावर दिलेल्या सोन्याच्या क्षाराच्या हाताचा.

पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो कसे निघत?

घराण्यातल्या स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत आणि छायाचित्रकार बहुधा पुरुष. यावर दीनदयाळांनी १८९२मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत फक्त स्त्रिया आणि कॅमेऱ्यामागे श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाई. पडदानशीन बेगमा आणि सरदार घराण्यांतल्या स्त्रिया पालखीतून किंवा बंद गाडीतून तिथे येत. त्या काळात हे धाडसच होते, आणि धंद्याची हुशारीही. कारण तोपर्यंत निम्मे गिऱ्हाईक दाराबाहेरच होते.

तिथे काढलेला फोटो घराबाहेर जाऊ नये अशीच अपेक्षा असणार. दरबारातल्या पुरुषाला आपला फोटो जितक्या हातांत जाईल तितका हवा होता. त्याच्या बायकोला किंवा आईला तो जितका कमी हातांत जाईल तितका बरा. आपला चेहरा कोणी पाहावा हे ठरवण्याचा हक्क दोघांनाही होता. हा हक्क पैशाने आणि घराण्याने मिळालेला होता, हे पुढच्या भागासाठी ध्यानात ठेवावे.

मग दुष्काळातल्या लोकांचे फोटो कशासाठी काढले?

१८९९-१९००चा दुष्काळ हा दख्खन, गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत असा अर्धा देश होरपळून काढणारा होता. निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या बाजूला त्याचा फटका मोठा बसला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तळ्यांची कामे काढली, अन्नछत्रे आणि अनाथ-अपंगांसाठी आश्रयस्थाने उघडली. या कामांची नोंद म्हणून दीनदयाळ यांच्या स्टुडिओने फोटो काढले. त्यांतले काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात आहेत.

दुष्काळपीडितांचे फोटो काढण्याची पद्धत या आधीची. १८७६-७८च्या मद्रासकडच्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर माणसांना ओळीत बसवून फोटो काढले होते. औरंगाबादच्या फोटोंचा साचाही तसाच. एका फोटोखालची ओळ सांगते : औरंगाबाद, दुष्काळग्रस्तांचे गट, कृशतेचे प्रकार. ‘प्रकार’ हा शब्द नीट वाचावा. छातीच्या फासळ्या मोजता येतील अशी माणसे, आणि ती कशाची तरी उदाहरणे म्हणून कॅमेऱ्यासमोर.

हा शब्द आकाशातून पडलेला नव्हता. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ छापला. त्यात देशभरच्या जाती-जमातींची चारशेहून अधिक छायाचित्रे होती. लॉर्ड कॅनिंग यांच्या हौसेतून सुरू झालेला हा उद्योग १८५७नंतर सरकारी कामच झाला. ज्यांच्यावर राज्य करायचे ती माणसे ओळखता यावीत म्हणून. त्या पानांवर बहुतेकांना नाव नाही, जात आहे. राजाला आणि उमरावाला नाव, किताब, तोफांची संख्या. रयतेला ‘प्रकार’.

तंत्र दोन्हीकडे तेच होते. तीच काच, तीच रसायने, उजेडाची तीच उत्तम समज. निजामाला बसवताना छायाचित्रकार अदबीने विचारत असेल, हात कुठे ठेवू या, तलवार दिसू द्यायची का. फोटो पसंत पडला नाही तर दुसरा काढता येई, सुरकुती पुसता येई, नको असेल तर काच फोडता येई. दुष्काळातल्या माणसाला यातले काहीच शक्य नव्हते. त्याला फोटो म्हणजे काय हे माहीत होते की नाही, हाही प्रश्नच. भाकरीच्या रांगेत उभे असताना कोणी बाजूला बोलावले, तर नाही म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती.

यात दीनदयाळांना दोष द्यावा का? माझ्या मते घाईने देऊ नये. ते दरबाराच्या चाकरीत होते आणि संस्थान दुष्काळात हातपाय हलवते आहे हे कलकत्त्याच्या सरकारला दाखवणे दरबाराला गरजेचे होते. अन्नछत्राचा फोटो हा निजामाच्या फोटोचाच दुसरा भाग होता, ‘राजा दयाळू आहे’ हे सांगणारा. पण याची दुसरीही बाजू आहे. औरंगाबादच्या त्या माणसांचे चेहरे राहिले ते या फोटोंमुळेच. गॅझेटियरमधले आकडे मेलेल्यांची संख्या सांगतात. या फोटोंत एकेक माणूस थेट आपल्याकडे पाहतो. छायाचित्रकाराला ‘प्रकार’ हवा होता, काचेवर माणूस उतरला.

त्या काचा आज कुठे आहेत?

दीनदयाळ यांच्या स्टुडिओच्या सुमारे २,८५७ मूळ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये घेतल्या. काही फोटो हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळतात. दीपाली देवन आणि डेबोरा हटन या अभ्यासकांनी २०१३मध्ये त्यांच्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला आणि टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियममध्ये त्याच सुमारास प्रदर्शनही झाले. म्हणजे औरंगाबादच्या दुष्काळाचा फोटो पाहायला लंडनकडे आणि निजामाचा पाहायला हैदराबाद-दिल्लीकडे जावे लागते, निदान संगणकावरून तरी. मराठवाड्यातल्या घराघरांत असलेल्या अशा फोटोंची मोजदाद मात्र अजून व्हायची आहे.

घरात जुना फोटो सापडला तर?

आधी मागची बाजू पाहा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव, गाव, किताब छापलेले असतात आणि त्यावरून काळ ठरवता येतो. दीनदयाळ यांच्या कार्डावर मुंबईचा उल्लेख असेल, तर ते १८९६नंतरचे. फोटोचा कागद अगदी पातळ, पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला, पिवळसर तपकिरी आणि भिंगातून पाहिल्यास बारीक तडे गेलेला असेल, तर तो बहुधा अंड्याच्या लेपाचा, एकोणिसाव्या शतकातला. गडद भागांवर आरशासारखी चंदेरी झाक आली असेल, तर फोटो बहुधा नंतरच्या पद्धतीचा. पत्त्याच्या डावातल्या पानाएवढा छोटा फोटो १८६०-७०च्या दशकांत लोकप्रिय होता. त्याहून मोठा, साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडा उंच असा पुठ्ठा त्यानंतर चालू झाला.

फोटो पाण्याने पुसू नका, लॅमिनेट करू नका आणि फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत कागद खातो. थेट ऊन आणि ओल असलेली भिंत टाळा. काचेची प्लेट सापडली तर ती एकावर एक रचू नका. प्रत्येक काच साध्या कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवा. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते. मंद बाजूवरच चित्र असते, तिला बोट लावू नका. डिजिटल प्रत करून घ्यायची तर स्टुडिओवाल्याच्या हाती सोपवण्यापेक्षा त्याला घरी बोलावणे बरे.

आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल, तर आजच त्यांच्यापुढे फोटो धरा. खुर्चीत बसलेले कोण, बाजूला उभा मुलगा कोण, मागे पंखा धरून उभी असलेली व्यक्ती कोण, तिचे नाव काही आठवते का, ते विचारा. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने, पुठ्ठ्याच्या मागे लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पुढच्या बाजूला उतरते.